मापाची रायफल

१ ऑगस्ट २०२४ रोजी आमचा पालघर जिल्हा दहा वर्षांचा झाला. त्याच दुपारी फ्रान्समधल्या शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. शिरगावात आपाच्या घरी टीव्हीसमोर आम्ही आणि आमचा भाचा श्वास रोखून बसलो होतो. गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून नेम मारून झाले तेव्हा स्वप्नील पाचवा होता. उभे राहून मारताना तो तिसरा झाला. त्याचे वडील शिक्षक आहेत हे कळल्यावर आम्हांला उगाचच नात्यातले कुणी जिंकल्यासारखे वाटले.

भाचा म्हणाला, "मामू, आता मलाही पॉइंट टू टू हवी."

तो चार वर्षे हवेच्या रायफलीवर सराव करत होता. तिला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू मात्र खरी बंदूक, १९५९ च्या शस्त्र कायद्यात येणारी. आपाने हातातले तांदळाचे ताट खाली ठेवले. "आपल्या घरात बंदूक? उद्या काही झालं आणि पेपरात नाव आलं, तर लोक 'खेळाडू' हा शब्द वाचतील का?"

आम्ही बी.एड. केले आहे, रोज चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "आपा, भीतीपायी त्याला बसवून ठेवायचे का?" ती गप्प राहिली. भाच्याने एकविसावे वर्ष पूर्ण होताच अर्ज केला. चौकशी झाली, कागद फिरले आणि परवाना हातात आला.

मग निवड करायची वेळ आली. कॉलेजात असताना एनसीसीत आम्ही पॉइंट टू टू चालवली होती, तीही झोपून. तेवढ्या भांडवलावर आम्ही जाणकार म्हणून भाच्याबरोबर पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर गेलो. तिथे दोन जुन्या रायफली विकायच्या होत्या. एक अलीकडची, चकचकीत अॅल्युमिनियमच्या दस्त्याची. दुसरी अँशुट्झ कंपनीची १९१३ नमुन्याची, लाकडी दस्त्याची, वार्निश उडालेली. आमची नजर अर्थातच पहिलीवर गेली. इतका पैसा द्यायचा तर वस्तू दिसायला तरी नवी हवी, हा आमचा हिशेब!

तिथल्या एका वयस्क प्रशिक्षकांनी तो हिशेब मोडला. ते म्हणाले, "मास्तर, या काडतुसाच्या बुडाच्या कडेतच पेटणारी दारू असते, म्हणून याला रिमफायर म्हणतात. धक्का अगदी थोडा. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मुलगा स्थिर राहिला पाहिजे, सगळा खेळ तेवढाच. आणि स्थिर ठेवतो तो दस्ता."

झोपून किंवा गुडघ्यावर मारताना हाताला पट्टा बांधता येतो. उभे राहताना पट्टा चालत नाही. रायफलीचे वजन आठ किलोपर्यंत असू शकते आणि पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. हे वजन स्नायूंवर तोलले तर हात थोड्याच वेळात थरथरतो. म्हणून डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात, पाठ किंचित मागे झुकवतात आणि भार हाडांवरून सरळ पायात उतरवतात. यासाठी दस्त्याखालचा हाताचा टेकू, गालाची फळी आणि खांद्याचा आकडा हे तिन्ही त्या माणसाच्या मापाला आले पाहिजेत.

त्यांनी भाच्याला रिकामी रायफल खांद्याला लावून डोळे मिटायला सांगितले. दोन श्वासांनंतर, "उघड." चकचकीत रायफलीवर त्याची मान पुढे ताणलेली आणि नळी निशाण्याच्या डावीकडे. पावले सरकवून पाहिली, तेव्हा नळी निशाण्यावर आली, पण मान तशीच. गालाची फळी शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही भागेना. तो दस्ता दुसऱ्याच बांध्याच्या माणसासाठी होता. लाकडी दस्त्यावर दोन पेच फिरवले, टेकू बोटभर खाली घेतला. डोळे उघडले तेव्हा डोळा आपसूक मागच्या छिद्राशी आणि नळी निशाण्यावर होती.

आम्ही ओशाळलो. आमच्या वर्गात सगळे बाक एकाच मापाचे आहेत. बुटके मूल लोंबत्या पायांनी बसते, उंच मूल पाठीत वाकते, आणि आम्ही वर ओरडतो, "नीट बसा!"

लाकडी रायफल घेतली. वाचलेले पैसे काडतुसांसाठी ठेवले, कारण प्रत्येक नळीला कोणत्या घाण्यातली काडतुसे मानवतात ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिरगावच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, पण तिथे सराव नाही. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. गोळी फक्त रेंजवर. घरी दार लावून, रिकाम्या रायफलीने तासभर नुसते उभे राहणे. एरवी ती कुलपात, बोल्ट वेगळ्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली आपाकडे.

पहिले काही दिवस आपा त्या खोलीत फिरकली नाही. परवा मगरिबनंतर आम्ही गेलो तर ती दारात उभी राहून मुलाकडे बघत होती. आम्हांला वाटले, आता पुन्हा पेपराचा विषय निघणार. ती म्हणाली, "इतका वेळ मागे झुकून उभा असतो. पाठ दुखत नसेल का रे त्याची?"

आम्ही म्हणालो, "नाही आपा. माप बरोबर आहे."