पेटीत काय भरायचे?

दिवाळीची सुट्टी लागायला आठ दिवस होते. कँटीनमध्ये चहा पिता पिता माझी एक मैत्रीण म्हणाली, "सुट्टी संपता संपता आम्ही घरचे सगळे मुंबई-गोवा क्रूझने जाणार आहोत. तू तर समुद्रावरची. सांग ना, या दिवसांत समुद्रावर हवा कशी असते? कपडे काय काय घेऊ?"

मला हसू आले. मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यात लहानाची मोठी झाले हे खरे, पण खाडीच्या तोंडापलीकडे मी एकदाही गेलेली नाही. आमच्यात होडीवर पुरुष जातात. बायका बंदरावर मासळी निवडतात, टोपल्या भरतात, बाजार करतात. समुद्र आम्हाला माहीत आहे तो किनाऱ्यावरून, वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी. मात्र समुद्रावर जाताना काय भरायचे, हे मला नक्की ठाऊक आहे. सातवीपासून माझ्या बाबांची पेटी मीच भरते.

बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. एक फेरी सहा-सात दिवसांची असते. पूर्वी त्यांची पत्र्याची पेटी होती. ती खाऱ्या हवेने गंजून गेली. आता झाकणाचा निळा प्लास्टिकचा डबा आहे, पण घरात त्याला अजून पेटीच म्हणतात. त्यात दोन जुने लांब बाह्यांचे शर्ट, दोन हाफपँटी, टॉवेल, उन्हाची टोपी, लोकरीची कानटोपी, एक जाड चादर, रेनकोट, खोबरेल तेलाची बाटली, तापाच्या गोळ्या, बाम, बॅटरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी असते. सगळ्यात वर दोन पिशव्यांत बांधलेली ओळखपत्रे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मोठ्या आकड्यांत १५५४ लिहून ठेवले आहे. तटरक्षक दलाचा तो मदतीचा नंबर.

वाचकांपैकी कुणी विचारील, ऑक्टोबरच्या उकाड्यात कानटोपी कशाला? मीही पहिल्या वर्षी हेच विचारले होते. बाबा म्हणाले, "दिवसा तवा आणि रात्री ओला फडका. समुद्र तसा असतो." पाऊस उघडला की आश्विनात ऊन चटका देते. पारा तेहतीस-चौतीस अंशांवर जातो, आणि होडीवर सावली ती किती? पाण्यावरून परतणारे ऊन खालूनही भाजते. म्हणून लांब बाह्या. रात्री दव पडते, फळ्या ओल्या होतात, पहाटे वारा कानात शिरतो. म्हणून कानटोपी. खाऱ्या पाण्याने हात फुटतात, म्हणून तेल. पेटीतल्या प्रत्येक वस्तूमागे अशी एक हवा आहे.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मी ते गुणांसाठी पाठ केले आणि घरी मोठ्याने म्हणू लागले. आजी ऐकत होती. ती म्हणाली, "हे काय पाठ करायचं? शिडाच्या होड्या पहाटेच्या वाऱ्यावर बाहेर जायच्या नि दुपारच्या वाऱ्यावर घरी यायच्या." पुस्तकातला धडा आमच्या घरात कित्येक पिढ्या राहत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे या वाऱ्यांचे काही चालत नाही. तो सरला की शरदात ते पुन्हा आपापल्या वेळेवर येऊ लागतात. आजीने शाळा पाहिलेली नाही. बाबा चौथीनंतर होडीवर गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली.

पण शरदातला समुद्र दिसतो तितका सरळ नाही. हे मला कळले ते माझ्याच चुकीमुळे. २०१९ सालची दिवाळी. मी आठवीत होते. पेटी फार जड होते म्हणून मी रेनकोट काढून ठेवला. चार दिवस लखलखीत ऊन होते. पावसाळा तर संपला, मग रेनकोट कशाला, असा माझा हिशेब. बाबांनी पेटी उघडून पाहिली नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. होडी बाहेर गेली आणि मागोमाग अरबी समुद्रात 'क्यार' वादळ तयार झाले. वायरलेसवर निरोप मिळाला तशी होडी माघारी वळली. धनत्रयोदशीच्या रात्री बाबा घरी आले ते नखशिखान्त भिजून, थरथरत. ती दिवाळी त्यांनी तापात काढली. रेनकोटाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते. पुढे ते 'क्यार' महाचक्रीवादळ होऊन ओमानच्या दिशेने गेले. ते पुरते विरते न विरते तोच 'महा' नावाचे दुसरे वादळ त्याच समुद्रात आले.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. मुंबईतून पावसाळा परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. त्याच्या मागेपुढे हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा पाऊस असतो. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारनंतर अचानक काळे ढग, विजा आणि गडगडाट. उघड्या समुद्रावर होडीची काठी हीच सर्वांत उंच, त्यामुळे विजेची भीती मोठी. दुसरे भय चक्रीवादळाचे. वादळाला सुमारे साडेसव्वीस अंशांपेक्षा अधिक ऊब असलेले पाणी लागते आणि या दिवसांत अरबी समुद्राचे पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असते. भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे इतके जोराचे आणि परस्परविरुद्ध असतात की वादळाचा मनोरा उभाच राहत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तो अडसर दूर होतो. म्हणून आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम. २००९ साली 'फयान' ११ नोव्हेंबरला मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या वादळात कोकणातले कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. मी तेव्हा तीन वर्षांची होते. आमच्याकडे अजून 'फयानच्या आधी', 'फयानच्या नंतर' असा काळ मोजणारी माणसे आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येते. यंदा, म्हणजे २०२५ साली, दसरा २ ऑक्टोबरला होता. दसऱ्यानंतर होडी निघायची होती. बर्फ भरला होता, डिझेल भरले होते, आठवड्याचा शिधा चढला होता. मी पेटी भरली आणि सवयीप्रमाणे मोबाइलवर हवामान खात्याचे पत्रक उघडले. अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

मी ते बाबांना वाचून दाखवले. नाखवा अंगणात उभे होते. त्यांनी आभाळाकडे बोट केले. आभाळ निळेशार होते. "पोरी, ह्यात कुठं आहे वादळ?" ते म्हणाले. बाबांनी आभाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझी छाती धडधडत होती. पाचशे किलोमीटरवरचे वादळ अंगणातून दिसत नाही, हे मला पुस्तकाने सांगितले होते. पण भरलेला बर्फ वितळतो आणि फेरी झाली नाही तर खलाशाला वाटा मिळत नाही, हे सांगायला पुस्तक लागत नाही. बाबा एवढेच म्हणाले, "नाखवा, पोरगी वाचून सांगते. थांबू."

होडी थांबली. 'शक्ती' आमच्याकडे आलेच नाही. ते पश्चिमेकडे वळले आणि दूर समुद्रातच विरून गेले. बर्फ वितळला, शिधा उतरवावा लागला, त्या आठवड्याचा वाटा बुडाला. आईने वाण्याकडची उधारी वाढवली. बंदरावर एकाने माझ्या देखत म्हटले, "ह्यांच्या घरात कॉलेजची हवा शिरलीय. तीच वादळ आणते." लोक हसले. कोजागरीच्या रात्री मी दुधाचा पेला हातात घेऊन रडत बसले होते. वाटले, इंग्रजी-मराठी पत्रके वाचता येणे म्हणजे शहाणपण नव्हे. माझ्या शिकण्याने घराला आधार व्हायचा, तर मी घरचा आठवडा बुडवला.

बाबा शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "रेनकोट मी दर फेरीला नेतो. दर फेरीला पाऊस पडतो काय? कोरडा परत आणला म्हणून कुणी रडतं?"

सहा वर्षांत रेनकोटाचे नाव त्यांनी प्रथमच काढले होते.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. ती कदाचित प्राध्यापकांना फार साधी वाटेल. पेटी ही येणाऱ्या हवेसाठी भरायचीच नसते. न आलेल्या हवेसाठीही भरायची असते. वस्तू वापरली गेली नाही, तर ते ओझे वाया गेले असे नाही. बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाला निघाले तेव्हा बाबांनी माझी गुणपत्रिका अशीच दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून दिली होती. जून महिना होता, पण त्या दिवशी नेमके ऊन होते. रांगेतल्या मुली पाहत राहिल्या आणि मला लाज वाटली. आज त्या लाजेची लाज वाटते.

ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात पुन्हा कमी दाबाचे क्षेत्र रेंगाळले आणि दिवाळी होऊन गेल्यावर पाऊस पडला. त्या वेळी निघण्याआधी नाखवा स्वतः आमच्या दारात आले. आभाळाकडे न बघता त्यांनी मला विचारले, "कागद काय म्हणतो?" मी वाचले. मग बाबा बंदरावर गेले, खाडीच्या तोंडाशी लाट कशी फुटते ते पाहून आले. कागदात सगळ्या किनाऱ्याची हवा असते. आमच्या खाडीच्या तोंडाची हवा बाबांच्या डोळ्यांत असते. निम्मे माझ्याकडे, निम्मे त्यांच्याकडे. दोन्ही जुळवून त्यांनी ठरवले, आणि होडी थांबली.

मैत्रिणीला मी लिहून दिले ते असे: दिवसासाठी सुती, सैल कपडे आणि टोपी. संध्याकाळी डेकवर बसायला एक शाल. न घसरणारी चप्पल. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, आणि ती मळमळ सुरू होण्याआधी. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचे पत्रक. आणि एक पातळ रेनकोट. शेवटची ओळ वाचून ती म्हणाली, "नोव्हेंबरात रेनकोट? काहीतरीच तुझं!" पण नेला.

परत आल्यावर ती भेटली. समुद्र शांत होता, शाल रोज लागली, म्हणाली. रेनकोट मात्र घडीसुद्धा न मोडता परत आला.

"कोरडा आहे ना?" मी विचारले.

"अगदी कोरडा."

"मग छान झालं," मी म्हटले. त्या संध्याकाळी मला घरी लवकर जायचे होते. बाबांची फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती आणि पेटी भरायची राहिली होती.