बियांचें गाडगें

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां परीक्षा आटोपलेल्या असतील आणि उन्हाळ्याची सुटी तोंडावर आलेली असेल. सुटींत काय करावें, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें असतो. सुटींत यांना कशांत गुंतवावें, हा त्यांच्या आईवडिलांपुढें असतो. दोहोंचें एक उत्तर घरामागच्या सांदवाडींत सांपडतें, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे.

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून प्रसिद्ध. परंतु मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी लागल्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंत, बहुतेक बोड्या आटलेल्या असतात, बांध्या भेगाळलेल्या असतात, आणि बाहेरून पाहणारास हे पंधरा दिवस रिकामे वाटतात. घरांत मात्र याच दिवसांत तीन कामांची घाई असते: बीं नीट करणें, फांद्या लावण्याची तयारी करणें आणि झाडावर उतूं गेलेलें फळ वर्षभरासाठीं टिकविणें. आमच्या घरीं हीं तिन्ही कामें आजीच्या देखरेखीखालीं होत आणि आम्ही भावंडें तिचे गडी असूं.

बियांचें काम उन्हाळ्यांत संपतें, पण त्याचा आरंभ हिंवाळ्यांतच होतो. वेलावर सर्वांत उत्तम फळ दिसलें कीं आजी त्याच्या देठास लाल चिंधी बांधी. चिंधीचा अर्थ घरांतील लहान मूलही जाणत असे: हें फळ खावयाचें नाहीं. चांगलें तेवढें खावें आणि किडकें, खुरटें तें बियांस ठेवावें, असा मोह कोणासही होईल. परंतु बीं आईबापांचा गुण घेतें, म्हणून उत्तम फळाचाच त्याग करावा लागतो. लवकीची साल लांकडासारखी कठीण होऊं द्यावी. दोडकें हलविलें असतां आंत बीं खुळखुळलें पाहिजे. वांगें पिवळें पडेपर्यंत झाडावर ठेवून त्याचा गर पाण्यांत कुसकरावा. भरीव बीं तळाशीं बसतें, पोकळ तें वर तरंगतें. लवकीचें बीं धरण्यापूर्वीं त्याच वेलाच्या कोंवळ्या फळाची एक फोड जिभेस लावून पाहावी. ती कडू लागल्यास थुंकून टाकावी. त्या वेलाचें फळ खाऊं नये व बींही धरूं नये, कारण कडू लवकी विषारी असते. संकरित वाणाचें बीं धरून विशेष लाभ नाहीं. पुढच्या पिढींत त्याचे गुण फुटतात आणि एका वाफ्यांत नाना तऱ्हेचीं झाडें निघतात.

बीं सावलींत वाळवून, चाळलेल्या राखेंत मिसळून, गाडग्यांत भरावें आणि गाडग्याचें तोंड फडक्यानें बांधून शेणमातीनें लिंपावें, ही आजीची रीत. तिचें कारण आम्हांस पुढें पुस्तकांत मिळालें. बियांतील ओलावा एक टक्क्यानें घटला कीं त्याचें आयुष्य साधारण दुप्पट होतें, असा बीजशास्त्राचा एक ठोकताळा आहे. राख तो ओलावा शोषून घेते आणि किडीसही आवरते. पेरणीपूर्वीं दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या. सात-आठ रुजल्या तर बीं चांगलें समजावें. हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास घरीं करतां येईल.

फांद्यांचें काम याहून सोपें. शेंगा संपल्यावर मुनग्याची छाटणी होते, तेव्हां मनगटाएवढ्या जाडीची तीन-चार फूट लांब फांदी दोन दिवस सावलींत ठेवावी. कापलेला भाग सुकला म्हणजे ती सहसा कुजत नाहीं. मग तिचा तिसरा हिस्सा मातींत पुरावा. जास्वंद, मोगरा, अडुळसा यांचीं पेन्सिलीएवढ्या जाडीचीं, चार-पांच डोळ्यांचीं छाटकलमें पहिल्या पावसानंतर लावावीं. दोन डोळे मातींत असावे आणि फांदीचा शेंडा वरच राहावा. छाटकलम म्हणजे तेंच झाड; बीं म्हणजे त्या झाडाचें मूल. यास्तव जें झाड जसेंच्या तसें हवें, त्याची फांदी लावावी.

फळाचें काम सर्वांस आवडे. वादळवाऱ्यानें पडलेल्या कैऱ्यांचा ढीग अंगणांत जमला म्हणजे आम्ही भावंडें विळीभोवतीं बसूं. चांगल्या, घट्ट कैऱ्यांचें लोणचें होई. डागाळलेल्या कैऱ्यांचा डाग काढून, मीठ लावून, उन्हांत वाळवून आंबोशी होई. पिकलेल्या आंब्याचा रस ताटांत पसरून त्याची पोळी होई. किलोभर फोडींस दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालावें लागतें. मीठ फोडींतलें पाणी ओढून घेतें, मग नासविणाऱ्या जंतूंस तेथें थारा राहत नाहीं. आणि वरचा तेलाचा थर हवेस अडवितो. आंब्याची कोय मात्र कशांतच टिकत नाहीं. ती वाळली कीं मेली. जांभळाच्या बियांचीही तीच गत. त्या गाडग्यांत घालून उपयोग नाहीं. कांहीं दिवसांत मातींत लावाव्या, नाहीं तर लावणाऱ्याच्या हातीं द्याव्या.

द्यावें, हा शब्द आमच्या घरांत फार ऐकूं येई. त्याचें मोल आम्हांस २०२० सालीं कळलें. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें, तसें तें आमच्या घरींही शिरलें. आम्ही उंचावरच्या नातलगांकडे गेलों. परतलों तेव्हां ओसरीवर गाळ होता, आणि गाडग्यांची शेणमाती विरघळून आंत पाणी गेलें होतें. बरबटीचें बीं फुगून कुजलें होतें. लवकीच्या बियांस बुरशी चढली होती. आजीनें एकेक गाडगें उपडें केलें, हातानें चाचपून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तीं धुऊन अंगणांत ओळीनें वाळत ठेविलीं. अंथरुणें, भांडीं, धान्य यांची भरपाई आज ना उद्यां होते. चाळीस वर्षें धरीत आणलेलें बीं दुकानांत मिळत नाहीं.

पुढचा उन्हाळा साथीच्या दुसऱ्या लाटेचा होता. आठवडी बाजारही बंद होते. रोहिणीच्या सुमारास साकोलीहून आमच्या आत्याबाईंचा निरोप आला, "आई, तुझीच बरबटी माझ्या वाडींत आहे, पुडी पाठवितें." मग तुमसरच्या मामींकडून दोडक्याचें बीं आलें, लाखनीहून लवकीचें आलें. पंधरा दिवसांत सहा वाण घरीं परतले. आजीनेंच ते कधीं काळीं, सणावारीं नाहीं तर लग्नकार्यांत, पदराच्या टोकांत बांधून नेऊन दिले होते.

एक वाण मात्र परतला नाहीं. पांढऱ्या, कांटेरी वांग्याचें बीं आजीनें लग्नानंतर आपल्या माहेराहून आणलें होतें. तें वांगें लहान. त्यास बाजारांत भाव नसे, म्हणून त्याचें बीं कोणीं मागितलें नव्हतें. तें केवळ आमच्या गाडग्यांत होतें, आणि गाडग्याबरोबरच गेलें. आजी असेपर्यंत दर हिंवाळ्यांत भरतासाठीं वांगीं भाजतांना "तें वांगें निराळें होतें," एवढेंच म्हणे.

या गोष्टीचा विचार करतां आम्हांस दोन उदाहरणें आठवतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४४ या काळांत, लेनिनग्राड शहरास वेढा पडला होता आणि लोक भुकेनें मरत होते. तेथील वनस्पतिसंस्थेंत जगभरच्या धान्यांच्या बियांचा संग्रह होता. तो राखणारे अनेक शास्त्रज्ञ उपासमारीनें मेले, पण त्यांनीं त्या बियांस हात लाविला नाहीं; त्यांपैकीं एक तर भाताच्या वाणांचा रक्षक होता. धानाच्या जिल्ह्यांतील मुलांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें. दुसरें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे कधीं शाळेंत गेल्या नाहींत. त्यांनीं गांवरान वाणांचें बीं जमविलें, जपलें आणि शेतकऱ्यांस वांटलें. त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. लेनिनग्राडच्या लोकांनीं बीं खाल्लें नाहीं म्हणून तें राहिलें. राहीबाईंनीं बीं वांटलें म्हणून तें गांवोगांव पोंचलें. आजीची लाल चिंधी आणि तिच्या पदराचें टोंक, यांत या दोन्ही गोष्टी होत्या.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत आपापल्या घरचीं गाडगीं, डबे, फडताळांतल्या पुड्या उघडून पाहा. आजीआजोबांस त्या वाणांचीं नांवें विचारा; तें बीं कोठून आलें, कोणाच्या लग्नांत आलें, तेंही विचारा. शाळा उघडेल त्या दिवशीं प्रत्येकानें एका वाणाच्या तीन पुड्या आणाव्या. पुडीवर वाणाचें नांव, बीं धरल्याचा महिना आणि तें राखणाऱ्याचें नांव लिहावें. तीन मित्रांस तीन पुड्या द्याव्या आणि त्यांच्या पुड्या आपण घ्याव्या. मुख्य पेरणी तोंवर झालेली असली तरी वेलांस व शेंगभाज्यांस तेव्हांही वेळ गेलेली नसते.

एवढी एकच विनंती आहे. ज्या वाणास बाजारांत भाव नाहीं आणि ज्याचें बीं कोणी मागत नाहीं, त्याची पुडी सर्वांत आधीं आणावी.