उंदरांचं बाळंतपण

माहेरी उंदीर मारणं हे कुणा एकाचं काम नव्हतं. रात्री पिंजऱ्याच्या आकड्याला चुलीवर भाजलेला खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा, सकाळी पिंजरा तसाच पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि दात घासायला जायचं. कणगीतल्या ज्वारीला तोंड लावणाऱ्याची कुणी कीव करत नसे. भाद्रपदात तोच गणपतीच्या पायाशी बसला की त्याच्याहीपुढे मोदक यायचा. यात काही विसंगत आहे असं आजीला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा पांढरे उंदीर भेटले, ट्रेमध्ये उताणे, टाचण्या टोचलेले. आतडी, यकृत, प्लीहा ओळखून आम्ही मार्क मिळवले. जिवंतपणी त्यांना कोण खायला घालत होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या आमच्या घरात, तळघराच्या फळीवर, मी स्वतः उंदीर वाढवते. मुलीच्या सापासाठी. हा कॉर्न स्नेक, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, केशरी अंगावर तांबडे पट्टे. आपल्याकडे घरात धामण पाळली तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. इथे साप, काचेची पेटी आणि गोठवलेले उंदीर एकाच बिलावर मिळतात. ती पाकिटं आणली की काम भागतं, असं नवरा अजूनही म्हणतो. पण ज्याला मारायचं तो निदान कसा जगला हे मला ठाऊक असावं, असं वाटलं. लोणच्यासारखंच आहे हे, घरचं असलं की आत काय घातलंय ते माहीत असतं.

एका पेटीत एक नर, दोन-तीन माद्या. खाली ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा. सीडरचा वापरायचा नाही, त्याच्या उग्र वासाने त्यांच्या छातीला त्रास होतो. नराच्या मुताच्या वासाला मात्र उपाय नाही, दर दोन-तीन दिवसांनी भुसा बदलणं एवढंच हातात. मादी १९ ते २१ दिवसांत विते आणि व्यायल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते. हे ऐकून इथे राहायला आलेल्या सासूबाई हबकल्याच. "अगं, तिला सव्वा महिना तरी वेगळं ठेव!" तेवढं नाही, पण पिल्लं दूध सोडेपर्यंत नराला मी दुसरीकडे हलवते. पैदास कमी होते, होऊ दे.

पिल्लं जन्मतात ती गुलाबी, आंधळी, करंगळीच्या पेराएवढी. कातडी इतकी पातळ की प्यालेलं दूध पोटात पांढरा डाग होऊन बाहेरून दिसतं. डाग दिसला म्हणजे पिल्लाला आईने पाजलंय. सकाळी चहाआधी मी चष्मा लावून हे डाग बघते. आठवडाभरात लव येते, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दूध सुटतं.

आणि मग मी त्यांना मारते. डब्यात कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडायचा, आधी शुद्ध जाते, मग जीव. नवजात पिल्लं कमी प्राणवायूवरही चिवटपणे तग धरतात, त्यांना फार वेळ लागतो. त्यामुळे साप वाढून मोठे उंदीर गिळायला लागला, तेव्हा मुलीपेक्षा मलाच हायसं वाटलं. जिवंत उंदीर पेटीत सोडायचा नाही, हा आमचा नियम. कोंडीतला उंदीर सापाला चावतो, जखम चिघळते. शिवाय शेतात उंदराला पळायला बीळ असतं. काचेत कुठे पळणार?

आमच्यापासून फार लांब नाही असं ग्रॅनबी नावाचं गाव आहे. १९०० नंतरच्या काळात तिथे ॲबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने हौशी लोकांसाठी उंदीर वाढवले. ओट्स आणि क्रॅकर्सवर पोसलेले ते उंदीर पुढे प्रयोगशाळाही मागवू लागल्या. काहींच्या अंगावर गाठी दिसल्या तेव्हा तिने त्या शास्त्रज्ञांना पाठवल्या, लिओ लोएबबरोबर शोधनिबंध लिहिले. १९१८ मध्ये ती गेली. तिच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटलने १९२१ मध्ये काळ्या उंदरांचा वंश काढला. २००२ साली उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला तो याच वंशाचा. आमच्या पाठ्यपुस्तकात ही बाई नव्हती. भुसा बदलणारी माणसं पुस्तकात येत नसावीत.

विण्याचं वय उलटलेली मादी सापाला द्यावी, असा हिशेब सांगतो. एकीला मी ठेवून घेतलंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर आधी तिची खुशाली विचारतात, मग मुलाची.

मुलगी लवकरच कॉलेजला जाईल. वसतिगृहात साप चालत नाही. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर १५-२० वर्षं सहज जगतो, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतरचीही सोय झाली. नवऱ्याने परवा पुन्हा गोठवलेल्या पाकिटांच्या किमती काढून दाखवल्या. मी त्याला तळघरात आणखी एक फळी ठोकून द्यायला सांगितलं.