तुळशीची भावंडे

कर्जत म्हटले की मुंबईकराला रायगड जिल्ह्यातले, धबधब्यांचे कर्जत आठवते. मी राहते ते कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले. गोदड महाराजांचे, रेहेकुरीच्या काळविटांचे आणि पर्जन्यछायेतले. अशा गावात घरच्या पिझ्झासाठी कुंड्यांतून बेझिल आणि ओरेगानो वाढवावेत, ही तशी हौसच. मुलीच्या हट्टाने ती सुरू झाली. पण या दोन रोपांनी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

ज्याला आपण बेझिल म्हणून शहरातून महाग विकत आणतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपला सब्जाच. फालुद्यात ज्याचे बी फुगून येते, तीच ही जात. फरक वाणाचा. इटालियन वाणाच्या वासात लिनालूल या द्रव्याचा गोडवा अधिक, तर आपल्याकडच्या बऱ्याच सब्जाला बडीशेपेची छटा असते. तुळस याच कुळातली, सब्जाची सख्खी बहीण. तिच्यात लवंगेतले युजेनॉल असते म्हणून ती तिखट लागते. ओरेगानोचीही तीच कथा. गजऱ्यात अबोलीच्या जोडीने ओवला जाणारा मरवा हा ओरेगानोच्याच प्रजातीतला. आणि पिझ्झाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्याच्याशी जवळचे नाते असलेला वास आपल्या ओव्यात आणि भज्यांसाठी लावलेल्या पानओव्यात आहे.

म्हणजे ही घराणी आपल्या अंगणात फार पूर्वीपासून नांदत होती. तरीही मराठी स्वयंपाकघराने कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना एवढ्यांनाच आत घेतले. तुळस वृंदावनात राहिली, मरवा केसांत गेला, दवणा जोतिबाला वाहिला गेला. पदार्थावर तुळशीचे पान पडते ते नैवेद्य दाखवताना; तिथे ते चवीसाठी नसते, पदार्थ देवाचा झाल्याची खूण म्हणून असते. थायलंडमध्ये हीच तुळस मिरची-लसणाबरोबर परतून खातात. उलट ग्रीसमध्ये चर्चमधले पवित्र पाणी शिंपडायला बेझिलची जुडी वापरतात. तेव्हा पान कोणते यावर त्याचे स्थान ठरत नाही, ते माणसे ठरवतात, असे मी एकदा सासूबाईंना म्हणाले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "ठरवलंय ना? मग ते पाळायचं."

या पाळण्याचा अर्थ मला 2019 च्या उन्हाळ्यात कळला. तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या आणि आमच्या घरात पाणी तांब्याने मोजले जात होते. माणसांनाच पाणी अपुरे असताना कुंड्यांना काय द्यायचे? ओरेगानोची चिंता नव्हती. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे ते रोप कमी पाण्यात तग धरते. त्याला मारते ते साचलेले पाणी. बेझिल मात्र दुपारी मान टाकी. सासूबाईंनी वाटणी करून दिली: सकाळचा अर्धा तांब्या चोख पाणी तुळशीला, आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बाकीच्यांना. "ही खायची झाडं आहेत, यांना विटाळ नाही," असे त्या म्हणाल्या. त्या वाटणीतूनच बेझिल जगले. देवाचे आणि खायचे यांतली जी रेघ मला तोवर जाचक वाटत होती, तिनेच त्या दिवसांत कोणाच्याही वाट्याला काहीतरी येईल अशी सोय केली होती.

रोपे वाढवताना आणखी एक भेद हाताला कळतो. बेझिलचे शेंडे सतत खुडावे लागतात. मंजिरी धरली की रोपाचा जोर बियांकडे जातो आणि पाने उग्र होतात. तुळशीच्या मंजिरीची मात्र आपण वाट पाहतो. एकाच कुळातल्या दोन रोपांपुढे बसून एकीची मंजिरी खुडायची आणि दुसरीची जपायची, हे मी रोज करते. नेपल्सच्या साध्या मार्गेरिता पिझ्झावर टोमॅटो, मोझ्झरेला आणि बेझिल एवढेच असते. आमच्याकडे भट्टी नाही. भाकरीच्या जाड तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा होतो. ओरेगानो वाळवून आधी भुरभुरावा, कारण त्याचा वास वाळल्यावरही टिकतो. बेझिलची पाने तवा उतरवल्यावर हाताने तोडून घालावीत. आचेवर ती काळवंडतात.

सासूबाई हा पिझ्झा खातात. पहिला घास घेण्यापूर्वी दर वेळी विचारतात, "तुळस नाही ना गं यात?" मी नाही म्हणते. उत्तर खरे आहे, पण पूर्ण नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. यंदा त्यांनी बेझिलची एक कुंडी बाजूला काढून घेतली आहे. तिचे शेंडे खुडायचे नाहीत, उन्हाळ्याच्या सरबतासाठी बी धरायचे आहे, असे त्यांनी बजावले आहे. त्या कुंडीला त्या पाणी कोणते घालतात, हे मी अजून विचारलेले नाही.