पहिला छर्रा

बंदुकीची गोष्ट निघाली की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “किती लांब मारते?” माझ्या भाचीच्या बंदुकीविषयी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारण्यात आला आहे की हल्ली मी “दहा मीटर” एवढेच सांगून गप्प बसतो. विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. दहा मीटर म्हणजे आमच्या नंदुरबारातील एखाद्या जुन्या वाड्याची लांबी. तेवढ्यासाठी एवढी महागडी वस्तू कशाला, असा भाव त्याच्या डोळ्यांत स्पष्ट उमटतो. जोर हाच बंदुकीचा गुण, अशी आपली समजूत आहे. ह्या बंदुकीला मात्र जोराशी फारसे कर्तव्य नाही.

ती हवेवर चालते. छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटर जाडीचा, वजनाने अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक. वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. लक्ष्यपत्राच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघा अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे छऱ्याच्या जाडीचा नववा हिस्सा. गुणही आता दशांशात मोजतात. छर्रा अगदी मध्यावर बसला तर १०.९, पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गेला. पाऊण तासावर आणखी अर्धा तास उभे राहून साठ छर्रे सोडावयाचे, आणि पहिला ज्या वेगाने सुटला त्याच वेगाने साठावाही सुटला पाहिजे, एवढीच काय ती बंदुकीकडून अपेक्षा. सारखेपणा हा गुण ऐकावयास नीरस वाटतो खरा. पण तो मिळविण्यासाठी किती खटाटोप करावा लागतो हे ज्याने पाहिले आहे त्याला तो नीरस वाटत नाही.

हा सारखेपणा सांभाळणारा जो अवयव बंदुकीच्या पोटात असतो त्यास रेग्युलेटर म्हणतात. हे नाव गृहिणींना नवे नाही. स्वयंपाकघरातील सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, शेगडीची ज्योत सारखी राहते ती रेग्युलेटरच्या कृपेने. बंदुकीतही तेच. नळीखालच्या नळकांड्यात २०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने हवा कोंडलेली असते. ती तशीच छऱ्यामागे सोडली तर नळकांडे भरलेले असताना एक वेग आणि रिते होत आल्यावर दुसरा. म्हणून वाटेत एक लहानशी कोठडी केलेली असते. रेग्युलेटर तीत सत्तर-एक बारांची हवा येऊ देतो आणि दार लावून घेतो. चाप ओढला की छोटी हातोडी झडपेवर आपटते, कोठडीतील हवा छऱ्यास ढकलते, कोठडी रिकामी होते, आणि दार पुन्हा उघडते. हे दार उघडतात बशीच्या आकाराच्या, एकीवर एक उलटसुलट रचलेल्या पोलादी चकत्या. आणि लावते ती कोठडीतील हवाच, पुरेशी साठली म्हणजे दट्ट्याला मागे रेटून. कोणी पहारेकरी नाही, कोणी हुकूम देणारा नाही. जी आत आली तीच पुढचीला अडविते.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक स्वीकारली होती. तिच्या दस्त्यातच हवेचे भांडे असे आणि ते भरावयास पंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. अमेरिकेच्या पश्चिम भागात १८०४ ते १८०६ ह्या काळात हिंडलेल्या लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेतही एक हवेची बंदूक होती. त्या बंदुकांना रेग्युलेटर नव्हता. पहिल्या गोळ्या जोरात जात, मागाहूनच्या मंदावत. लढाईत ते खपून जाई. आमच्या जिल्ह्यात सातपुड्याच्या अंगाला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, भिल्लांचे धनुष्य मी पाहिले आहे. काठी बांबूची आणि दोरीही बांबूच्याच चिपेची. त्यात रेग्युलेटर कोठे असतो? तिरंदाजाच्या खांद्यात. तो दर वेळी दोरी तेवढीच ओढतो. बंदुकीत हे काम माणसाच्या अंगातून काढून चकत्यांकडे सोपविले, आणि तेथूनच एक नवी अडचण जन्मास आली : छर्रा भलतीकडे गेला तर तो माणसाचा दोष की चकत्यांचा?

ही अडचण माझ्या घरी आली ती भाचीच्या पायांनी. महाराष्ट्रात हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे जगज्जेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ह्याच दहा मीटरच्या प्रकारात जगज्जेता ठरला. ह्या नावांची कात्रणे भाचीने कपाटाच्या दाराला आतून चिकटविली आहेत. माझ्या बहिणीला मात्र बंदूक हा शब्दच घरात नको होता. “दादा, ह्या गावाने गोळी पाहिली ती पुरे नाही का?” असे ती म्हणाली. तिच्या म्हणण्याला नंदुरबारात निराळेच वजन आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती येथेच पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या स्मारकावरून आम्ही रोज ये-जा करतो. शेवटी भाचीनेच आईला एकदा सरावास नेऊन लक्ष्यपत्रावरचा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दाखविला. “ह्याच्यात मारायचं? ह्याच्यात तर सुईसुद्धा ओवता येणार नाही,” असे म्हणून बहिणीने संमती दिली.

बंदूक परदेशी बनावटीची, पण दुसऱ्याच्या हातची घेतली. सरावाची जागा मिरचीची एक जुनी वखार. नंदुरबारची मिरची साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल होऊन जातात तेव्हा ह्या रिकाम्या वखारीतही वास येतो, आणि नेम धरलेल्या मनुष्याला शिंक आली म्हणजे काय होते ह्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

सरावात तिचे गुण चांगले पडत. स्पर्धेत घसरत. दोन स्पर्धा अशा गेल्या, तिसरी गेली. तिला शिकविणाऱ्या गृहस्थांनी निदान केले : “हात उत्तम आहे, मन कच्चे आहे.” हे निदान वरवरचे नव्हते. त्यांनी टिपून ठेवले होते की ही मुलगी जेव्हा घुटमळते, नेम धरून पुन्हा बंदूक खाली घेते, थांबते, तेव्हाच तिचा छर्रा वर जातो. भराभर मारते तेव्हा जात नाही. ह्याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? भाचीनेही ते मान्य केले होते. पहाटे उठून प्राणायाम सुरू झाला, मन खंबीर करण्याची पुस्तके आली, आणि सतरा वर्षांची मुलगी आपल्या स्वभावातच काही उणे आहे असे समजून जेवणाच्या पानावर गप्प राहू लागली. मला खटकली ती ही गोष्ट. मन कच्चे असलेल्या मनुष्याचा छर्रा कधी डावीकडे जाईल, कधी खाली जाईल. तो नेमाने वरच का जावा?

मी एका परिचिताकडून वेग मोजण्याचे यंत्र मागून आणले. क्रोनोग्राफ हे त्याचे नाव; छर्रा दोन किरणांमधून जातो आणि आकडा उमटतो. वखारीत एका रविवारी आम्ही दोघे बसलो. दर चाळीस सेकंदांस एक छर्रा, असे दहा छर्रे मी स्वतः सोडले, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून. १७२, १७१, १७२, १७२, १७३. निर्दोष म्हणावे असे आकडे. मग आम्ही डबा उघडून पोळी खाल्ली. पंधरा मिनिटांनी पुढचा छर्रा सोडला : १८०. त्याच्या मागचा पुन्हा १७३. पाच मिनिटे थांबून पाहिले : १७६. एक मिनिट थांबून : १७३. जितके थांबावे तितका वेग चढे. वेग १७२ चा १८० झाला म्हणजे दहा मीटरवर छर्रा सुमारे दीड मिलिमीटर वर बसतो. पाच-सहा दशांशांचा चुराडा होण्यास तेवढे पुरे आहे.

दार नीट लागत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. सत्तर बारांवर बंद व्हावयाचे ते फटीने झिरपत राही आणि कोठडीतील दाब हळूहळू चढे. ह्या रोगाला जाणते लोक ‘क्रीप’ म्हणतात. आपण सरपटणे म्हणू. सरावात ती एका लयीत मारी, म्हणून दाबाला चढण्यास वेळच मिळत नसे. स्पर्धेत मात्र हुकमाची वाट पाहावी लागे. त्यातून एखादा छर्रा खरोखरच चुकला तर तिला शिकविलेले होते की घाई करू नये, बंदूक ठेवावी, दोन-चार मिनिटे विसावा घ्यावा. ती आज्ञाधारकपणे विसावा घेई, तेवढ्यात दाब चढे, पुढचा छर्रा वर जाई, आणि ती अधिकच घुटमळे. गृहस्थांनी टिपलेले सारे बरोबर होते. फक्त घुटमळणे हे कारण मनाच्या वाटेने काम करीत नसून हवेच्या वाटेने करीत होते.

घाईने निर्णय करू नये म्हणून इतरही संशयित तपासले. छर्रे तोलून पाहिले, दस्त्याचे स्क्रू आवळून पाहिले, नळी पुसली. सांध्यांना साबणाचे पाणी लावले; पंक्चर काढणारा ट्यूब परातीत बुडवितो तीच विद्या. रेग्युलेटरच्या अंगाला एक बारीक भोक असते. तेथून बुडबुडे आले तर दट्ट्याचे रबरी कडे गेले असे समजावे. तेथे काही नव्हते. उलट पहिला छर्रा मंद गेला असता तर झडप चिकटते आहे किंवा हातोडी अडखळते आहे असे मानावे लागले असते. आमचा तर चढत होता. पारडे पुरते दाराकडे झुकले.

उघडण्यापूर्वी सारी हवा सोडून दिली आणि काटा शून्यावर आल्यावरही आणखी एकदा रिकामा चाप ओढला. ह्या बाबतीत भित्रेपणा हाच शहाणपणा आहे. नळकांड्याला तर मी हातही लावला नाही. त्याच्या अंगावर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती उलटली की ते भरू नये, उघडण्याची गोष्ट तर दूरच. तेलाचीही एक गंमत आहे. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला शिलाईयंत्राचे तेल घालण्याची चाल आहे. पण एवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकते. येथे सिलिकोनचे ग्रीस, तेही कड्यावर चकाकी येण्यापुरतेच.

बाजारातील एका वृद्ध घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ती बैठक पाहिली. कठीण प्लॅस्टिकची, मसुराएवढी चकती. तिच्यावर दाराच्या दांड्याने उमटविलेले एक वर्तुळ होते, आणि त्या वर्तुळात रुतलेला धातूचा एक कीस, केसाहून बारीक. “एवढ्यानं काय होतंय?” असे भाचीने विचारले. म्हातारबुवा म्हणाले, “बेटा, घड्याळ बंद पाडायला यापेक्षा कमी लागतं.”

नवी बैठक टपालाने यावयास तीन आठवडे लागले. चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत रचल्या. एक उलटी बसली तरी दाब बदलतो. जुळणी झाल्यावर हातोडीच्या स्प्रिंगचे काम आले आणि मला सर्वांत मौज वाटली ती येथे. स्प्रिंग आवळत जावे तसा वेग वाढतो. पुढे एक जागा अशी येते की कितीही आवळा, वेग वाढत नाही, केवळ हवा वाया जाते. त्या माथ्यावरून किंचित मागे उतरून स्प्रिंग ठेवावी. नवी बैठक मुरण्यास शे-दोनशे छर्रे जातात. तोवर आकडे थोडे डळमळतात, त्याची काळजी करू नये.

आमच्या हवेचेही थोडे सांगितले पाहिजे. भरताना हवा तापते. ती निवली की काटा खाली येतो आणि नवखा मनुष्य गळतीच्या शोधात रात्र घालवितो. मे महिन्यात येथे पारा बेचाळिसावर जातो. वीस अंशांवर २०० बार भरलेले नळकांडे तेव्हा २१५ दाखवील, म्हणून ते उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या पावशेरी नळकांड्यात दमट हवेबरोबर ग्रॅमभर पाणी जाऊ शकते. पंपाला ओल शोषणारे दाणे लावले आहेत. ते रंग पालटले की बहीणच तव्यावर भाजून देते.

दुरुस्तीनंतर आम्ही पुन्हा पंधरा मिनिटे थांबून मोजले : १७३. अर्धा तास थांबून : १७३. भाचीने तो आकडा बराच वेळ न्याहाळला आणि एकदम उठून वखारीबाहेर गेली. मी मागे गेलो नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. मिरचीचे दिवस होते, मी काही विचारले नाही.

शिकविणाऱ्या गृहस्थांना ती वही दाखविली. त्यांनी आकडे दोनदा वाचले, “माझ्या लक्षात यायला हवं होतं,” म्हणाले, आणि प्राणायाम मात्र चालू ठेवण्यास सांगितले. ते मला योग्यच वाटते.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती दहा मिनिटे बसून उठली आणि पहिलाच छर्रा डावीकडे खाली गेला, ९.६. मी सवयीने क्रोनोग्राफकडे वळून पाहिले. १७२.

“नका बघू, मामा,” ती नवा छर्रा भरीत म्हणाली, “हा माझा होता.”