शांते, बोल!

कुत्र्याला गप्प कसं करायचं हे सांगणारे पन्नास जण भेटतात. भुंकायला कसं शिकवायचं असं विचारलं की मात्र लोक आधी हसतात. हसा बापडे, पण आमच्या शांताच्या बाबतीत हा प्रश्न खरंच पडला होता.

शांता ही आईकडची, साताऱ्याची गावठी कुत्री. नाव आईनेच ठेवलंय, स्वभाव बघून. पोस्टमन येवो, मांजर येवो, ही आपली बघत बसणार. आणि आईला कंपवात. त्यात हात थरथरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आवाजही बारीक होत जातो, आणि आपण हळू बोलतोय हे त्या माणसाला स्वतःला जाणवत नाही, हे मला आईमुळे कळलं. तिच्या मते ती चांगली खणखणीत हाक मारते; शेजारच्या काकूंना काहीच ऐकू येत नाही. मोबाईल नेमका दुसऱ्या खोलीत असतो. शांता मात्र सदैव पायाशी. म्हटलं, हिचाच आवाज उसना घेऊ.

"म्हणजे आता माझ्या वतीने कुत्री ओरडणार?" आई म्हणाली. दोन दिवस विषय बंद.

तिसऱ्या दिवशी सुरुवात केली. भुंकणं म्हणजे काही शेकहँड नव्हे, पंजा हातात धरून शिकवता येत नाही. ते कुत्र्याच्या आतून यावं लागतं, आपण फक्त वाट बघायची. पनीरचा तुकडा मुठीत धरून मी स्वस्थ बसलो. शांताने हुंगलं, चाटलं, पंजा मारला, आणि शेवटी वैतागून "फू" केलं. भू नव्हे, फू! तरी लगेच पनीर दिलं. चारपाच दिवसांत फूचा भू झाला.

मग खूण. हात वर करायचा आणि त्यानंतर मूठ पुढे करायची. हा क्रम महत्त्वाचा, कारण मूठ आधी दिसली की कुत्रं खुणेकडे बघतच नाही. हळूहळू मूठ रिकामी झाली आणि पनीर वाटीत गेलं. रोज दोनदा, पाचपाच मिनिटं, ती कंटाळायच्या आत बंद. खुणेशिवाय भुंकली तर काही मिळणार नाही, नाहीतर दिवसभर पनीरची मागणी! आणि "बास" म्हटल्यावर गप्प राहिली तर त्याचंही बक्षीस.

माझ्या हाताला पटकन भुंकणारी शांता आईच्या हाताकडे नुसती बघत राहिली. माणूस बदलला, जागा बदलली की कुत्र्याला तीच खूण नवी वाटते. म्हणून आईने स्वतः पहिल्यापासून शिकवलं. आधी खुर्चीत बसून, मग पलंगावर पडून, मग चक्क जमिनीवर बसून. पडल्यावर लागणार ना!

इथे आईला त्यात रस वाटू लागला. डॉक्टरांनी सांगितलेला मोठ्याने बोलायचा व्यायाम ती नेहमी टाळायची. आता खुणेबरोबर तिने शब्द जोडला, "शांते, बोल!" आणि नियमही स्वतःच केला: हा शब्द भिंतीपलीकडे काकूंना ऐकू गेला तरच शांताला पनीर. काकू पलीकडून भिंतीवर टकटक करून निकाल देतात. कधीकधी चारचार वेळा ओरडावं लागतं. शांता बिचारी कान टवकारून वाट बघते.

श्रावणात एका दुपारी आई पलंग आणि कपाटाच्या मधे घसरून बसली. उठता येईना. काकू किल्ली घेऊन लगेच आल्या. लागलं काही नव्हतं.

रात्री फोनवर मी शांताचं तोंडभर कौतुक केलं. आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकूंना दोघींचे आवाज आले म्हणे. आधी कुणाचा आला, ते मात्र सांगत नाहीत."