चाकांवरचा गारवा

रायगड जिल्ह्यात नागावच्या वाडीत बाबूजींचे दोन खोल्यांचे घर आहे. पुण्यात कागदाचा घाऊक व्यापार करणाऱ्या या कुटुंबाने पस्तीस वर्षांपूर्वी ते घेतले, तेव्हा त्याला जांभ्या चिऱ्यांच्या भिंती होत्या, वर मंगळुरी कौले होती आणि भोवती पोफळीची दाट सावली होती. वैशाखातही छताच्या पंख्यावर भागत असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दिवसात सारे चित्र पालटले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली. नवी कौले वेळेवर मिळेनात म्हणून मागच्या खोलीवर घाईने पत्रा चढविण्यात आला. पत्रा एका दिवसात चढतो. पोफळीला फळ धरायलाच पाच-सात वर्षे लागतात. घर तेच राहिले, पण त्याचा थंडावा मात्र वाडीबरोबर गेला.

पुढे एका मे महिन्यात बाईजींना तेथे सलग दोन रात्री झोप लागली नाही. वय शहात्तर, त्यात दम्याचा जुना विकार. तिसऱ्या दिवशी सर्वांना परत फिरावे लागले. त्यानंतर मोठ्या चिरंजीवांनी पेढीवर घर विकण्याचा विषय काढला. "ज्या घरात माणूस झोपू शकत नाही, त्याची घरपट्टी किती दिवस भरायची?" हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात गैर म्हणता येणार नाही. बाबूजी एवढेच म्हणाले, "एक उन्हाळा थांबा." त्यांनी यापूर्वी कशासाठी मुदत मागितल्याचे कुणाला आठवत नव्हते. धाकट्या सूनबाईंनी ते ऐकले आणि त्या कामाला लागल्या.

कायम राहते घर असते, तर भिंतीवरच्या स्प्लिट यंत्राखेरीज दुसरा विचार करण्याचे कारणच नव्हते. ते कमी आवाज करते, कमी वीज खाते आणि अधिक गारवा देते. पण या घराचे गणित वेगळे होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बाहेरचा भाग लवकर गंजतो. घर वर्षातील दहा-अकरा महिने बंद असते. आणि उद्या घर विकलेच, तर भिंतीत बसविलेले यंत्र भिंतीबरोबर जाणार. खिडकीतल्या यंत्रासाठी गज कापून चौकट मोडावी लागली असती, आणि ती सागवानी चौकट मोडायला बाबूजी तयार नव्हते. उरले ते चाकांवरचे पोर्टेबल यंत्र.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा त्यांच्यापुढे कूलर आणून ठेवण्यात आला. 'पोर्टेबल एसी' म्हटले की अनेक ठिकाणी हाच घोटाळा होतो, आणि तो ग्राहकाला महाग पडतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो. कोकणात हवा आधीच पाण्याने जड असते, तेथे तो केवळ ओलावा वाढवितो. खऱ्या एसीत कॉम्प्रेसर असतो आणि गरम हवा बाहेर टाकणारी जाड नळी असते. नळी नसेल तर ती वस्तू एसी नव्हे, एवढी एक खूण पुरेशी आहे.

हे बाबूजींना मात्र कुणी समजावून सांगावे लागले नाही. दमट हवेत रीम फुगते, तावांच्या कडा लाटांसारख्या होतात आणि छापखान्यातून माल परत येतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले होते. विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आधुनिक वातानुकूलनाचे पहिले यंत्र योजिले, तेही माणसांच्या सुखासाठी नव्हते. एका छापखान्यात कागद ओलाव्याने फुगून रंग एकावर एक नीट बसत नव्हते, त्यावरचा तो उपाय होता. सूनबाईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा बाबूजी कितीतरी वेळ हसत राहिले. कागदासाठी काढलेले यंत्र कागदवाल्याच्या घरी यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, असे ते म्हणाले.

पुढचा प्रश्न क्षमतेचा. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी खोलीतून काढण्याची शक्ती. ती ताशी १२,००० बीटीयू भरते. परंतु चाकांवरच्या यंत्राच्या बाबतीत हा आकडा जसाच्या तसा मानू नये. एकनळी यंत्र खोलीतलीच हवा घेऊन ती तापवून बाहेर फेकते. जेवढी हवा बाहेर जाते, तेवढीच बाहेरची उष्ण हवा फटींतून आत शिरते. शिवाय नळी स्वतः तापते आणि खोलीतच उष्णता सोडते. दोन नळ्यांचे यंत्र यंत्राला लागणारी हवा बाहेरूनच घेते, म्हणून ते सरस. पण पुण्यात पाहिलेल्या दुकानांत ते मिळाले नाही. शेवटी एकनळी, एक टनाचे यंत्र चाळीस हजारांच्या आसपास ठरले. भाव मोठ्या चिरंजीवांनी केला. विरोध असला तरी खरेदी ते दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

खरे काम घरात होते. पत्र्याची खोली आधीच बाद झाली. पुढची खोली दहा बाय अकरा फुटांची. तिच्यावर कौले असली तरी खाली लाकडी तक्तपोशी आहे, आणि याच तक्तपोशीने सारे तारून नेले. उघड्या कौलांखाली कितीही टनांचे यंत्र लावले असते, तरी गारवा टिकला नसता. फळ्यांमधल्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा खाली ओढली जाणार, हे लक्षात येताच पेढीवरून तपकिरी क्राफ्ट कागदाचा गुंडाळा आला आणि दोन नातवंडांनी शिडीवर चढून पट्ट्या चिकटविल्या. यंत्र फेकील तेवढी हवा आत येणारच. ती कोठून यावी, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून उत्तरेकडच्या सावलीतल्या पडवीच्या दाराखालची फट तेवढी मोकळी ठेवली.

यंत्राबरोबर मिळणारी प्लास्टिकची पट्टी सरकत्या खिडकीसाठी असते. कोकणातल्या दोन झडपांच्या, गज लावलेल्या खिडकीला तिचा काडीचाही उपयोग नाही. गावच्या सुताराने नळीच्या मापाचे गोल छिद्र पाडून प्लायवुडची फळी बसवून दिली. नळीच्या बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी लावण्याचा आग्रह बाईजींचा होता. त्यांनी गारव्याविषयी एक शब्दही विचारला नव्हता. पाल, चिमणी, पाकोळी त्या नळीत शिरली आणि वर यंत्र सुरू झाले तर काय, एवढेच त्यांनी विचारले. नळी आखूड आणि सरळ ठेवून तिच्याभोवती जुने ब्लँकेट गुंडाळले.

विजेचे काम वायरमनकडे गेले. पूर्वीच्या पाच अँपिअरच्या तारेवर हा भार घालणे धोक्याचे होते; मीटरपासून स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि एमसीबी, शिवाय संध्याकाळी दाब उतरतो म्हणून स्टॅबिलायझर. हा खर्च दुकानदार कधी सांगत नाही.

वैशाखात पहिल्या रात्री बाहेर ३१ अंश होते; दीड तासाने खोलीत २७ झाले. देशात २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते; येथे ते कधी गाठता आले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. हवेतला ओलावा गेला, हाच मोठा आराम होता. पहाटेपर्यंत जवळजवळ बादलीभर पाणी जमले. कोरड्या प्रदेशात यंत्र हे पाणी बाष्प करून नळीवाटे घालवू शकते. किनाऱ्यावर ते साधत नाही, टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते. म्हणून मागच्या बाजूला छोटी नळी लावून पाणी नव्या रोपांच्या आळ्यात सोडले. कॉम्प्रेसर खोलीतच असल्यामुळे आवाज पुष्कळ. बाबूजी रात्री कानातले यंत्र काढून ठेवतात, त्यांना तो जाणवलाच नाही. बाईजी पहिल्या रात्री कुरकुरल्या, दुसऱ्या रात्री मात्र सकाळी सहापर्यंत जाग आली नाही. दर आठवड्याला गाळणी धुण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

मुक्काम बावीस रात्रींचा झाला. मोठ्या चिरंजीवांनी हिशेब मांडला: यंत्र, तार, सुतार मिळून एकोणपन्नास हजार, दर रात्रीस दोन हजार दोनशेच्या वर, वीज वेगळी. "एवढ्यात हॉटेलची खोली आली असती," ते म्हणाले. बाबूजींनी तोच कागद घेऊन भाजक पाचपट केला. पाच उन्हाळ्यांच्या एकशे दहा रात्री, दर रात्रीस साडेचारशेच्या आत. यंत्र पाच उन्हाळे टिकेल का, असे चिरंजीवांनी विचारले. बाबूजी म्हणाले, "आम्ही टिकलो तर ते टिकेल." त्यावर हिशेब पुढे सरकला नाही. विक्रीचा विषयही त्या वर्षी निघाला नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी पश्चिमेकडे लावायला पोफळीची चाळीस रोपे आली, ती चिरंजीवांनीच आणविली होती.

यंत्रातले पाणी पूर्ण काढून ते टेम्पोतून उभेच पुण्याला नेले. आडवे झाले तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात मोठ्या चिरंजीवांनी ते गोदामातून ढकलत पेढीच्या मागच्या खोलीत आणले. 'मार्चअखेर नागावला परत' अशी चिठ्ठी बाईजींनी त्यावर चिकटविली आहे.